वर्गात मुलं खरोखर शिकतात अशा शिक्षकांच्या सवयी कोणत्या असतात?

निशिगंध_ऐरोली | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बीएड नुकतंच पूर्ण झालं आणि जूनपासून कोपरखैरणेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडे येतंय. तुकडीत साठच्या आसपास मुलं आहेत. बहुतेकांचे वडील माथाडी कामगार किंवा रिक्षाचालक, आया घरकामाला जाणाऱ्या. काही मुलं जुन्या गावठाणातली आगरी, काहींच्या घरी हिंदी बोलतात.

इंटर्नशिपला मी दोन शिक्षकांचे तास शेवटच्या बाकावर बसून पाहिले. एक सर बोलायला लागले की ऐकत राहावं असे. गोष्टी, किस्से, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर. दुसऱ्या बाईंचं बोलणं मोजकं, आवाज साधा. पण चाचणीचे पेपर हातात आले तेव्हा बाईंच्या वर्गातल्या मागच्या बाकांवरच्या मुलांनीसुद्धा उदाहरणं निम्म्याच्या पुढे नेलेली होती. सरांच्या वर्गातली पुढची दहा-बारा मुलं उत्तम, बाकीच्यांचे कागद जवळजवळ कोरे. सर मनापासून शिकवत होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणूनच हा फरक मला अस्वस्थ करतो.

‘शिक्षक प्रेमळ, संयमी आणि ज्ञानी असावा’ हे सगळं वाचून झालंय. मला हवं आहे ते असं की एका घंटेपासून पुढच्या घंटेपर्यंत ही माणसं नक्की करतात काय? शिक्षकांनी, पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी, सगळ्यांनी लिहा.

कळव्याच्या_बाई | मंगळवार, रात्री १०:२५

निशिगंध, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते, चालेल ना? महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते.

तू त्या पेपरांत जे पाहिलंस त्यातच उत्तर आहे. आपण काय शिकवलं याची नोंद टाचणवहीत असते. मुलाला काय आलं याची नोंद कुठेच नसते. ती रोजच्या रोज घ्यायची सवय ज्याला आहे त्याच्या वर्गातली मुलं शिकतात, असं माझं ठाम मत आहे. बाकीचे सगळे गुण याच्या मागून येतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. धडा वाचताना ‘मी हे कसं समजावू’ याच्या आधी ‘मुलं इथे काय चुकतील’ हे लिहून काढायचं. अपूर्णांकांची बेरीज घे. १/२ + १/३ याचं उत्तर वर्गातली बरीच मुलं २/५ लिहिणार. वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले. फुली मारून शेजारी ५/६ लिहिलं तर मूल ते उतरवून घेतं आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच करतं. मी विचारते, ‘अर्धी भाकरी तुझ्या ताटात आहे, त्यात आईने आणखी वाढली. आता ताटात अर्धीपेक्षा जास्त की कमी?’ जास्त. ‘मग २/५ म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ इथे मूल थांबतं. स्वतःच्या उत्तराकडे पुन्हा बघतं. छेद समान करायची रीत या थांबण्यानंतर सांगितली तरच ती डोक्यात राहते.

दशांश अपूर्णांकांतही तसंच. ०.३५ मोठा की ०.५? निम्मा वर्ग ०.३५ म्हणतो, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. म्हणून मी सुरुवातीपासून दशांश चिन्हापुढचे अंक ‘तीन, पाच’ असे सुटे वाचून घेते आणि ०.५ च्या पुढे एक शून्य लिहायला लावते. ०.३५ आणि ०.५० शेजारी शेजारी आले की मुलं आपणहून उत्तर बदलतात.

आणि शेवटची पाच मिनिटं. पाठकोऱ्या कागदाचे चिठोरे करून ठेवायचे, फळ्यावर एकच उदाहरण लिहायचं, मुलांनी ते सोडवून नाव घालून दारात माझ्या हातात द्यायचं. ऑफ तासाला त्याचे तीन ढीग करायचे: आलं, अर्धं आलं, आलंच नाही. गुण द्यायचे नाहीत, वहीत चढवायचे नाहीत. साठ चिठोऱ्यांना दहा-बारा मिनिटं पुरतात. उद्याचा तास कुठून सुरू करायचा हे तिसरा ढीग सांगतो. तुझ्या त्या सरांनी एकदा जरी असे ढीग केले असते, तरी त्यांच्यासारख्या माणसाने दुसऱ्या दिवशी वेगळं शिकवलं असतं.

घोडबंदर_रोड | मंगळवार, रात्री ११:०५

पालक म्हणून लिहितो. मुलीच्या आतापर्यंतच्या सगळ्या पालकसभांत ‘हुशार आहे, एकाग्रता कमी पडते, घरी लक्ष द्या’ हेच ऐकलं. यंदाच्या टीचर म्हणाल्या, ‘ती शाब्दिक उदाहरण वाचताना आकडे दिसले की वाक्य सोडून देते. घरी तिला उदाहरण मोठ्याने वाचायला लावा आणि आकडे झाकून गोष्ट सांगायला सांगा.’ आम्ही तेच केलं आणि उपयोग झाला. माझ्या मुलीचं नेमकं कुठे अडतं हे कोणीतरी पाहिलंय, याचा केवढा आधार वाटला म्हणून सांगू!

वर्तकनगर_मास्तर | बुधवार, सकाळी ६:१५

धागा चांगला आहे, पण एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. ताईंच्या वर्गात साठ आहेत. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण मतदारयाद्यांचं काम निवडणुकीतच मोडतं आणि ते वर्षभर चालतं. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती भरा, आधारमधलं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळवा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरा, पोषण आहाराच्या नोंदी ठेवा. मी वर्गात शिरतो तेव्हा हातात खडूबरोबर कोणतीतरी यादी असते.

चांगल्या शिक्षकाच्या सवयी सांगताना हे सगळं बाजूला ठेवलं, तर मूल शिकलं नाही की दोष फक्त शिक्षकाच्या माथी बसतो. साठ मुलांच्या वर्गात उत्तम शिकवणारी माणसं आहेत, मी त्यांना मानतो. पण त्यांच्या जिवावर व्यवस्थेने हात झटकू नयेत.

कळव्याच्या_बाई | बुधवार, दुपारी २:१०

सर, शब्दाशब्दाला अनुमोदन. याद्यांचं काम मीही करते आणि त्याचा रागही येतो. म्हणूनच ज्याला जादा वेळ लागत नाही तेच आधी सांगावं असं वाटतं. त्यातलं एक म्हणजे प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं. आमची शाळा रुळांजवळ आहे. गाडी गेली की आवाज ओसरेपर्यंत थांबावंच लागतं. त्या थांबण्यात, एरवी कधी हात वर न करणाऱ्या मुली हात वर करतात. तेव्हापासून गाडी नसतानाही मी तेवढीच थांबते.

अध्यापनपाठ | बुधवार, रात्री ८:३०

कळव्याच्या बाईंनी जे अनुभवाने टिपलं, त्यावर फार चांगलं संशोधन झालेलं आहे. बीएड महाविद्यालयात शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून ते बारकाईने ऐकलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असं तिला दिसलं. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणं किंवा गप्प बसणं कमी होतं आणि मागे राहणारी मुलंही बोलू लागतात. तिने थांबण्याची दुसरी जागाही दाखवली, ती आपण नेहमी विसरतो. मुलाने उत्तर दिल्यानंतरही थांबायचं. लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की विचार तिथेच संपतो. तीन सेकंद गप्प राहिलात तर मूल स्वतःहून ‘कारण...’ म्हणून पुढे बोलतं.

माझे छात्रशिक्षक हे ऐकून मान डोलावतात आणि पाठाला उभे राहिले की एका सेकंदात उत्तर सांगून मोकळे होतात. शांततेची भीती वाटते, मागे निरीक्षक बसलेले असतात. निशिगंध, तुम्ही मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ मोजा. सवय लागेपर्यंत मोजावंच लागतं.

दुसरा अभ्यास शिस्तीचा. जेकब कूनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण करून पाहिलं, निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध झाले. ज्या वर्गांत काम नीट चालतं तिथले शिक्षक काही वेगळ्या पद्धतीने रागावतात का, हे त्यांना शोधायचं होतं. रागावण्याच्या पद्धतीत काहीच हाती लागलं नाही. फरक सापडला तो आधीच्या मिनिटांत. चांगल्या शिक्षकांना वर्गाच्या चारही कोपऱ्यांत काय चाललंय याचं भान असतं आणि मुलांनाही ते कळतं. एका मुलाची वही बघताना दुसरा बाकाखाली काय करतोय ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्यासाठी ते तास थांबवत नाहीत. एका कृतीतून दुसरीत जाताना त्यांचा वेळ सांडत नाही. वह्या वाटायला सात मिनिटं गेली, तर गोंधळ त्या सात मिनिटांत जन्माला येतो. म्हणून मी सांगतो, फळ्यावर लिहिताना तिरपं उभं राहायचं आणि वर्गाला पूर्ण पाठ कधीच दाखवायची नाही.

माथाडीचा_पोर | बुधवार, रात्री ११:५०

खूप वर्षं वाचतो इथे, पहिल्यांदा लिहितोय. मी कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत वाढलो. वडील वाशीच्या मार्केटला. रात्री निघायचे, आम्ही शाळेत जायच्या वेळी घरी येऊन झोपायचे. घरात अभ्यास विचारणारं कोणी नव्हतं. आज मी इंजिनियर आहे. त्यात आठवीच्या गणिताच्या सरांचा वाटा किती, ते लिहायचं आहे.

सर वर्गात बसायचे नाहीत. उदाहरण दिलं की हातात पेन घेऊन ओळींमधून फिरायचे. वहीवर वाकून बोट ठेवून एकच प्रश्न विचारायचे, ‘ही पायरी कुठून आली?’ विशेष म्हणजे उत्तर बरोबर असलं तरी हाच प्रश्न, चूक असलं तरी हाच, आणि आवाज तोच. त्यामुळे सरांनी विचारलं म्हणजे चुकलंय, असा अंदाज बांधता यायचा नाही. प्रत्येकाला आपली पायरी पुन्हा तपासावी लागायची. बरोबर उत्तरवाल्यालासुद्धा ते का बरोबर आहे हे सांगावं लागायचं, आणि पाठ करून आलेला तिथेच उघडा पडायचा. त्याला मात्र सर कधी वर्गासमोर आणायचे नाहीत. हळूच म्हणायचे, ‘मधल्या सुट्टीत ये.’

एकदा समीकरणात मी +७ पलीकडे नेताना चिन्ह बदललं नव्हतं. सरांनी विचारलं, कुठून आली. मी म्हटलं, पलीकडे नेलं. ‘पलीकडे म्हणजे कुठे? सातला पाय फुटले का?’ मग वहीच्या कोपऱ्यात तराजू काढला, दोन्ही पारड्यांतून सात-सात वजनं उचलली आणि निघून गेले. पुढचं मी केलं. सर तिथे उभे राहिले असते तर मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो असतो.

सरांना आमच्या घरच्यांच्या कामाच्या वेळा ठाऊक होत्या. डुलकी लागलेल्या मुलाला उठवायच्या आधी ते शेजारच्याला विचारायचे, ‘रात्री पाणी भरायला होता का हा?’

अध्यापनपाठ | गुरुवार, सकाळी ७:४०

वा, काय शिक्षक लाभले तुम्हाला! वही तपासण्यावरून एक जोडतो. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये केलेल्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. गुण आणि शेरा एकत्र मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा उपयोग झाला नाही, कारण गुण दिसले की शेरा वाचायचं काम मुलाच्या लेखी संपतं. चाचणीला गुण द्यावेच लागतात. पण रोजच्या वहीत तरी आकडा न घालता ‘तिसरी पायरी पुन्हा बघ’ एवढंच लिहावं.

नौपाड्याची_आजी | गुरुवार, दुपारी ४:००

चाळीशी ओलांडलेले माझे विद्यार्थी अजून गोखले रोडला भेटतात आणि वाकून नमस्कार करतात, तेव्हा मी त्यांना विचारते, ‘वर्गातलं काय आठवतं?’ भीतीबद्दल ते फार बोलतात. कुठले मास्तर मारायचे, कोण काय बोललं, कोणासमोर बोललं. शिकवलेलं क्वचित आठवतं.

भीती असलेल्या वर्गात मूल चूक लपवतं. आणि वर सगळ्यांनी जे लिहिलंय, चिठोरे, ‘कुठून आली’, तीन सेकंद, ते सगळं मुलाने चूक उघडपणे दाखवली तरच चालतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. ‘तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत का’ हे त्यात येतं, हे आमच्या पिढीतल्या अनेकांना पटायला फार वेळ लागला. कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे, तीही मला योग्य वाटते. वर्गात न समजलेलं मूल संध्याकाळचं गिऱ्हाईक होऊ लागलं, की वर्गात शिकवण्याची धार जाते.

मुलांपर्यंत पोहोचण्याचा विषय निघाला की मला डहाणू तालुक्यातलं कोसबाड आठवतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधी डहाणू तालुका आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण गुरं राखायची असत. मग शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेले आणि तिथे कुरणशाळा भरली. लहान मुलं अंगणात होती, तिथे अंगणवाडी भरली. पानं, बिया, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य. घराची परिस्थिती मुलाने बदलून यावं, अशी अट त्यांनी घातली नाही. माथाडीचा पोर यांच्या सरांनी झोपलेल्या मुलाबद्दल शेजाऱ्याला आधी विचारलं, ते मला याच जातकुळीचं वाटतं.

एक छोटी गोष्ट, नव्या मुलींना मी नेहमी सांगते. घसा सांभाळ. गोंगाटावर आवाज चढवलास तर गोंगाट आणखी चढतो. बोलणं थांबव, जागेवर उभी राहा, मग हळू आवाजात सुरू कर.

निशिगंध_ऐरोली | गुरुवार, रात्री ९:१५

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. चिठोऱ्यांचे तीन ढीग, ‘ही पायरी कुठून आली’ आणि तीन सेकंद, एवढं पहिल्या आठवड्यापासून करणारच. दोन गोष्टी अजून विचारते. साठ वह्या नीट वाचायच्या कशा? आणि माझ्या वर्गातली आगरी व हिंदी बोलणारी मुलं उत्तर येत असूनही गप्प बसली तर? पुस्तकातली भाषा त्यांच्या तोंडी नाही आणि बाकीची मुलं हसतात.

कळव्याच्या_बाई | गुरुवार, रात्री १०:००

वह्या एकदम गोळा करूच नकोस. रोज एक रांग. शिपाईकाकांना साठ वह्यांचा गठ्ठा उचलायला लागत नाही, आणि तू दहाच वह्या वाचतेस म्हणून खऱ्या वाचतेस. प्रत्येक वहीतलं एकच उदाहरण पूर्ण वाच. एकच चूक चार वह्यांत दिसली तर चार शेरे लिहू नकोस, दुसऱ्या दिवशी ती नाव न घेता फळ्यावर मांड आणि वर्गाला शोधू दे.

भाषेचं म्हणशील तर क्रम ठरवून घे. मुलाने आधी आपल्या बोलीत सांगायचं, त्यावर वर्गाने विचार करायचा, आणि पुस्तकातला शब्द सगळ्यात शेवटी तू फळ्यावर लिहायचास. माझ्याकडे एका मुलाने बाष्पीभवन सांगताना खाडीकाठच्या मिठागराचं सगळं वर्णन केलं. पाणी आत कसं घेतात, उन्हात कसं आटतं, मीठ कसं खाली राहतं. आजोबांचं काम होतं ते. त्याला ‘बाष्पीभवन’ हा शब्द येत नव्हता, बाकी सगळं येत होतं. त्या दिवशी शब्द मी लिहिला आणि धडा त्याने शिकवला. हसणाऱ्यांकडे बघत बसले नाही. ‘मिठागराला पाणी भरतीलाच का घेतात?’ असं त्यांनाच विचारलं, तर त्यांना सांगता येईना आणि त्याला येत होतं.

हात वर करणाऱ्यांनाच विचारू नकोस. आइस्क्रीमच्या काड्यांवर सगळ्यांची नावं लिही, डब्यात ठेव. आधी प्रश्न, मग तीन सेकंद, मग काडी. नाव आधी घेतलंस की बाकी एकोणसाठ जण विचार करायचं थांबवतात.

वर्तकनगर_मास्तर | शुक्रवार, सकाळी ६:३०

चिठोऱ्यांचा प्रकार काल सातवीच्या वर्गात करून पाहिला. माझा मूळ मुद्दा सोडलेला नाही, साठ मुलांचा वर्ग हा अन्यायच आहे. पण तिसऱ्या ढिगात ज्या मुली निघाल्या, त्या माझ्या अंदाजातल्या नव्हत्या. नीटनेटक्या वहीवाल्या, कधी त्रास न देणाऱ्या. त्यांच्याकडे नीट बघायची वेळच कधी आली नव्हती.

निशिगंधताई, तुम्हाला दोन कामाच्या गोष्टी सांगतो. पावसाळ्यात ट्रॅकवर पाणी आलं की हजेरी निम्म्यावर येते आणि शिक्षक ‘पुढचं शिकवता येत नाही’ म्हणून मुलांना चित्रं काढायला देतात. तो दिवस वाया घालवू नका. कमी मुलांत, आलेल्यांपैकी तिसऱ्या ढिगातल्यांना जवळ बसवून घ्या. वर्षभर साठांत जे जमत नाही ते त्या दिवशी जमतं. त्यासाठी दोन-तीन जुनी उदाहरणं कपाटात तयार ठेवा.

दुसरं पालकसभेचं. सकाळची सभा लावली तर मार्केटमधून रात्रपाळी करून आलेला बाप येणार नाही, घरकामाला जाणारी आई तर नाहीच. मुख्याध्यापकांशी बोलून आपल्या तुकडीपुरती संध्याकाळची वेळ मागून घ्या, महिन्यातून एकदा पुरे. घोडबंदर रोड यांनी लिहिलंय तसं प्रत्येक मुलाचं एक नेमकं वाक्य आधी कागदावर लिहून न्या. यादीत सगळ्यात वर अशा मुलांची नावं ठेवा, ज्यांच्याबद्दल तुम्हाला लिहायला पटकन काहीच सुचत नाही.